फोनचा फोकस नक्की कुठे बसतो? शार्प फोटोसाठी फोकस मोड समजून घेऊया

चार वर्षांपूर्वी साताऱ्याला माझ्या ताईचं लग्न होतं. फोटोग्राफर ठरवलेला होताच, पण तो सगळा वेळ नवरा-नवरीभोवती. घरच्या माणसांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण फोन नवा होता आणि घरातला इंजिनीअर मी. शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. आजी माझ्यापासून जेमतेम हाताच्या अंतरावर उभी होती. मुठीत अक्षता, डोळे भरलेले. मी भराभर सतरा फोटो काढले.

रात्री लॅपटॉपवर ते मोठे करून पाहिले. सतराच्या सतरा फोटोंत मागच्या झेंडूच्या माळांची पाकळी न् पाकळी मोजता येत होती. आजीचा चेहरा मात्र धूसर.

झालं होतं असं. स्टेजवरचे दिवे फार प्रखर होते, स्क्रीन पांढरीफटक दिसत होती. म्हणून मी माळांवर बोट ठेवलं आणि जरा वेळ तसंच धरून ठेवलं. उजेड सुधारला, मी खूश. स्क्रीनवर एक छोटी पाटी आली होती, ‘एई/एएफ लॉक’. असेल काहीतरी, म्हणून सोडून दिलं. त्या पाटीचा अर्थ असा होता की आता उजेडही बदलणार नाही आणि फोकसही माळांवरून हलणार नाही. पुढचे सतरा फोटो फोनने माझं म्हणणं तंतोतंत पाळलं.

पुढच्या वर्षी आजी गेली. तिचा त्या दिवसाचा दुसरा जवळचा फोटो आमच्याकडे नाही. त्यानंतर मी फोकस हा विषय नीट समजून घेतला, आणि तोच इथे सोप्या भाषेत मांडतोय. सगळ्याचं सार एका वाक्यात आधीच सांगतो: तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं हे फोनला माहीत नसतं, तो फक्त अंदाज करतो. फोकस मोड म्हणजे त्याला कधी अंदाज करू द्यायचा आणि कधी थांबवायचं, हे ठरवायचं बटण.

आधी तपासा: फोटो नक्की कशामुळे बिघडला?

‘फोटो ब्लर आला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे. गॅलरीत फोटो उघडा, दोन बोटांनी मोठा करा आणि बघा, कुठेतरी काही स्पष्ट आहे का?

- भलतंच काहीतरी स्पष्ट आहे. चेहरा धूसर, मागची भिंत किंवा पुढची फांदी शार्प. म्हणजे फोकस चुकला.
- सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय. दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्या आहेत. म्हणजे फोटो काढताना हात हलला.
- मागचं सगळं स्पष्ट, फक्त हलणारं माणूस फराटल्यासारखं. म्हणजे समोरचा हलला आणि शटर त्या मानाने जास्त वेळ उघडं राहिलं.
- सगळीकडे दुधाळ झाक, दिव्यांभोवती पसरट प्रकाश. म्हणजे लेन्सवर बोटाचे डाग आहेत. मऊ सुती कापडाने पुसा. हसू नका, खिशात राहणाऱ्या फोनला हा त्रास नेहमीच होतो.

यातल्या फक्त पहिल्या प्रकारावर फोकस मोड हे औषध आहे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराकडे शेवटी येतो.

फोकस म्हणजे अंतर

लेन्सला चेहरा कळत नाही, फूल कळत नाही, आजी तर नाहीच नाही. तिच्यासाठी सगळा मामला अंतराचा. एका वेळी एकाच अंतरावरच्या गोष्टी सेन्सरवर पूर्ण स्पष्ट उमटतात. त्याच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचं चालून जातं, बाकीचं धूसर होतं. अंतर बदलायचं तर लेन्स सेन्सरपासून थोडी पुढे-मागे सरकावी लागते. फोनमध्ये हे काम लेन्सभोवतीची एक चिमुकली मोटर करते.

ती किती सरकते? मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंथ ६ मिलिमीटर धरून बारावीच्या फिजिक्समधलं लेन्सचं सूत्र लावलं, तर उत्तर असं येतं:

- दूरच्या डोंगरावरून ३ मीटरवरच्या मित्रावर: साधारण ०.०१२ मिलिमीटर
- डोंगरावरून १ मीटरवरच्या माणसावर: साधारण ०.०३६ मिलिमीटर
- डोंगरावरून १० सेंटिमीटरवरच्या फुलावर: साधारण ०.३८ मिलिमीटर

वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे हा सगळा खेळ चार कागदांच्या जाडीत चालतो. पण खरी गंमत वेगळीच आहे. तीन मीटरच्या पलीकडचं सगळं जग त्यातल्या कागदाच्या आठव्या भागात बसतं, आणि उरलेली जवळपास सगळी हालचाल जवळच्या वस्तूंसाठी लागते. म्हणूनच किल्ल्यावरून काढलेला डोंगररांगांचा फोटो सहसा फसत नाही, पण ताटातल्या मोदकाचा फसतो. वस्तू जितकी जवळ, तितकी फोकसची चूक महागात पडते. आजी हाताच्या अंतरावर होती आणि माळा तीन-चार मीटर मागे. दोघी एकदम शार्प येणं शक्यच नव्हतं.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. अँड्रॉइडच्या कॅमेरा प्रणालीत फोकसचं अंतर मीटरमध्ये नाही, डायऑप्टरमध्ये लिहितात. डायऑप्टर म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर. अनंत अंतरासाठी ०, एक मीटरसाठी १, दहा सेंटिमीटरसाठी १०. चष्म्याचा नंबरसुद्धा याच मापात असतो. म्हणजे प्रत्येक फोकसच्या वेळी फोन आपल्या डोळ्याला नवा नंबर लावून बघतो, असं समजा.

फोन अंतर ओळखतो कसं?

*कॉन्ट्रास्ट पाहून.* ही जुनी पद्धत. लेन्स थोडी सरकवायची, कडा आणखी ठसठशीत झाल्या का ते बघायचं, परत सरकवायची. शिखर ओलांडल्यावर मागे यायचं. स्क्रीनवरचं चित्र एकदा धूसर, एकदा स्पष्ट असं मागे-पुढे होतं, ते यामुळेच.

*फेज डिटेक्शनने.* लेन्सच्या डाव्या आणि उजव्या बाजूने आलेल्या प्रकाशाची तुलना करायची. दोन्ही जुळले की फोकस बरोबर. जुळले नाहीत तर किती आणि कोणत्या दिशेने सरकायचं हे लगेच कळतं, चाचपडावं लागत नाही. मोठ्या कॅमेऱ्यांत हे तंत्र १९८० च्या दशकापासून आहे. फोनमध्ये ते २०१४ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस५ आणि आयफोन ६ यांच्यामुळे सर्वांना माहीत झालं.

*लेझरने.* डोळ्यांना न दिसणारा प्रकाश समोर सोडून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एलजी जी३ मध्ये २०१४ सालीच ही सोय होती. अंधारात ती उपयोगी पडते, पण फक्त जवळच्या अंतरासाठी. मध्ये काच आली तरी गोंधळ होतो.

यावरून फोन कुठे अडखळणार हेही ओळखता येतं. पांढरी भिंत किंवा एकरंगी साडी, म्हणजे पकडायला कडाच नाही. अंधार, म्हणजे तुलना करायला प्रकाश नाही. जाळी, काच, पाऊस, म्हणजे एकाच ठिकाणी दोन-दोन अंतरं, आणि फोन बहुतेक वेळा पुढचं पकडतो.

आता मोड एकेक करून

१. कंटिन्युअस ऑटोफोकस (एएफ-सी). कॅमेरा उघडल्यावर बहुतेक फोन याच मोडमध्ये असतात. दृश्य बदललं की फोकसही बदलत राहतो. चेहरा सापडला तर त्याला प्राधान्य मिळतं, नाहीतर मधली किंवा जवळची वस्तू. खेळणारी मुलं, चालणारी माणसं, पाळीव कुत्रं यांच्यासाठी उत्तम. अँड्रॉइडमध्ये याचे फोटो आणि व्हिडिओ असे दोन वेगळे प्रकार आहेत. व्हिडिओत लेन्स मुद्दाम हळू सरकते, नाहीतर बघणाऱ्याला गरगरेल.

काही फोनमध्ये सेटिंगमध्ये ‘ट्रॅकिंग ऑटोफोकस’ असतो. तो चालू करून माणसावर टॅप केलं की चौकट त्याच्या मागे-मागे फिरते.

२. टॅप करून सिंगल ऑटोफोकस (एएफ-एस). स्क्रीनवर बोट टेकवलं की त्या जागेवर एकदाच फोकस होतो आणि तिथे थांबतो. पण किती वेळ थांबेल हे ॲपवर अवलंबून. दृश्य बरंच बदललं, किंवा काही सेकंद गेले, की फोन पुन्हा स्वतःच्या अंदाजावर येतो. अँड्रॉइड ॲप बनवताना वापरतात त्या कॅमेराएक्स लायब्ररीत ही मुदत मूळची ५ सेकंद असते. म्हणजे टॅप केलं, मग ‘अरे सरक जरा, हस की’ करत बसलात, तर तुमचा टॅप कधीच विरून गेलेला असतो. टॅप शेवटी करा, आणि लगेच फोटो काढा.

आणखी एक: टॅप केल्याने फोकसबरोबर उजेडही बदलतो. नुसता उजेड कमी-जास्त करायचा असेल तर आधी ज्याचा फोटो आहे त्याच्यावरच टॅप करा आणि मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी सरकवा. उजेडासाठी भलतीकडे बोट ठेवू नका. माझी चूक तिथेच झाली.

३. फोकस लॉक. बोट दाबून धरलं की कुलूप लागतं. आयफोनवर पाटी येते, अँड्रॉइडवर बऱ्याचदा कुलपाचं चित्र. चूक करायलाही हा मोड सोपा आणि कमाल करायलाही. फोन आणि वस्तू यांतलं अंतर बदलणार नसेल आणि मधून काहीतरी आडवं जाणार असेल, तेव्हा लॉक लावा. काम झालं की दुसरीकडे एकदा टॅप करून काढा. लॉक लावून तुम्ही दोन पावलं पुढे गेलात तर फोकस जुन्याच अंतरावर राहतो, हे विसरू नका. उजेडही लॉक होतो, त्यामुळे ढग आले तर फोटो काळे येतील.

४. मॅन्युअल फोकस (एमएफ). अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रो’ मोडमध्ये सापडेल. एका टोकाला फुलाचं चिन्ह, म्हणजे जवळ. दुसऱ्या टोकाला डोंगराचं, म्हणजे लांब. पट्टी तुम्ही सरकवायची. ‘फोकस पीकिंग’ असेल तर ज्या कडा शार्प आहेत त्या रंगीत दिसतात, त्यांच्याकडे बघून ठरवायचं. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात ही पट्टी नाही, वेगळं ॲप लागतं.

५. मॅक्रो. अगदी जवळच्या वस्तूंसाठी. काही फोनमध्ये अल्ट्रावाइड लेन्सच ऑटोफोकस करून हे काम करते. आयफोन १३ प्रो २ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. पण अनेक स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा ‘फिक्स्ड फोकस’ असतो, म्हणजे त्याची लेन्स सरकतच नाही. तिथे टॅप करून उपयोग नाही. साधारण ४ सेंटिमीटरच्या आसपास फोन स्वतः पुढे-मागे करून स्पष्ट जागा शोधायची. बऱ्याच फोनचे सेल्फी कॅमेरेही फिक्स्ड फोकसच असतात.

पोर्ट्रेट मोडचं काय? तो फोकस मोड नाही. फोन अंतराचा नकाशा बनवून मागचा भाग सॉफ्टवेअरने धूसर करतो. काही फोनमध्ये ही धूसरता नंतर कमी-जास्त करता येते. पण फोटो काढतानाच चेहरा फोकसबाहेर असेल तर पोर्ट्रेट मोड त्याला शार्प करू शकत नाही.

कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबमध्ये मोठा कॅमेरा हातात आला तर घाबरू नका. निकॉन आणि सोनीवर हेच एएफ-एस आणि एएफ-सी, कॅननवर त्यांना ‘वन शॉट’ आणि ‘सर्व्हो’ म्हणतात. नावं बदलली, गोष्ट तीच.

कुठे काय वापरायचं?

- मार्कशीट किंवा फॉर्मचा फोटो: अक्षरं मोठी यावीत म्हणून आपण फोन अगदी जवळ नेतो, आणि तिथेच फसतो. मोठा सेन्सर असलेल्या काही फोनच्या मुख्य लेन्सला २० सेंटिमीटरपेक्षा जवळचं दिसतच नाही. कागद खिडकीपाशी ठेवा, फोन ३०–४० सेंटिमीटर वर धरा, २ पट झूम करा आणि कोऱ्या जागेवर नाही, अक्षरांवर टॅप करा.
- दहीहंडी: पाण्याचे फवारे, झेंडे, पुढच्यांचे वर केलेले हात, सगळे फोकस पळवणार. थर लागायच्या आधीच हंडीवर लॉक लावून ठेवा. हंडी काही जवळ येणार नाही.
- कबड्डी, धावण्याची शर्यत: खेळाडूच्या मागे पळण्यापेक्षा तो जिथे येणार ती जागा पकडा. मध्यरेषा किंवा अंतिम रेषा यावर लॉक लावा आणि तो तिथे पोचायच्या किंचित आधीपासून बर्स्ट सुरू करा.
- एसटीच्या खिडकीतून पाऊस: लेन्स काचेला जवळजवळ टेकवा. काचेवरचे थेंब इतके जवळ येतात की फोन त्यांना पकडू शकत नाही. तरी जमलं नाही तर मॅन्युअलमध्ये डोंगराचं टोक. जाळीलाही हीच युक्ती, लेन्स जाळीच्या भोकाला लावा.
- पणती: ज्योतीवर टॅप करू नका, पणतीच्या काठावर करा. तिथे पकडायला कडा आहे. मग उजेडाची पट्टी खाली ओढा.
- स्टेजवरचं भाषण, व्हिडिओ: बोलणारा एका जागी असेल तर त्याच्या चेहऱ्यावर लॉक. समोरून कोणी गेलं तरी चित्र डचमळणार नाही.
- लग्नात अक्षता पडताना: आपलं माणूस जिथे उभं आहे त्याच्या चेहऱ्यावर लॉक, आणि फोटो काढण्याआधी एकदा मोठा करून खात्री.

फोकस मोड काय करू शकत नाही

फोकस अचूक असूनही पोरगं धावताना फराटलं, तर दोष शटर स्पीडचा. शटर १/३० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्या वेळात हात-पाय बरेच पुढे गेलेले असतात. जोरात धावणाऱ्यासाठी प्रो मोडमध्ये १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. पण तेवढा उजेड हवा. संध्याकाळनंतर घरात ते जमत नाही, मग दिवा लावा किंवा समोरच्याला क्षणभर थांबायला सांगा. नाइट मोड तर अनेक फोटो जोडून एक बनवतो, त्यामुळे तो स्थिर गोष्टींसाठीच. हात हलत असेल तर कोपरं अंगाला चिकटवा, भिंतीला टेका, दोन सेकंदांचा टायमर लावा.

‘नंतर एआयने शार्प करू’

हे मीही करून बघितलंय. आजीचे ते फोटो तीन वेगवेगळ्या ॲपमधून काढले. एकात तिच्या सुरकुत्या गेल्या. दुसऱ्यात पापण्या आल्या, ज्या तिला कधीच तशा नव्हत्या. तिसऱ्यात चेहरा एकदम स्वच्छ, शार्प, आणि कुठल्यातरी वेगळ्याच बाईचा. आईने फोन हातात घेतला, बघितला आणि म्हणाली, “ही कोण रे?”

ॲपमध्ये बिघाड नाही, ती चालतातच अशी. सेन्सरवर जी माहिती उमटलीच नाही ती परत आणता येत नाही. ॲप हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं, आणि इथे काय असायला हवं होतं याचा अंदाज भरतं. थोडीशी धूसरता कमी करण्यापुरतं ठीक आहे. पण आपल्या माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत अंदाज नको असतो. शेवटी मी मूळ धूसर फोटोच छापून घेतला.

दहा मिनिटांचा सराव

आज घरातच करून बघा. टेबलावर तीन वस्तू ठेवा: एक कप फोनपासून वीतभर लांब, दुसरा हातभर, तिसरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

१. काहीच टॅप न करता फोटो काढा. फोनने कोणता कप निवडला ते बघा.
२. प्रत्येक कपावर टॅप करून लगेच एकेक फोटो काढा.
३. एका कपावर टॅप करून तसेच थांबा. किती सेकंदांनी फोकस सुटतो ते मोजा. तुमच्या फोनची मुदत तुम्हाला कळेल.
४. लांबच्या कपावर दाबून धरून लॉक लावा आणि जवळच्या कपाचा फोटो काढा. तो कसा धूसर येतो आणि स्क्रीनवर कोणती खूण दिसते, हे नीट लक्षात ठेवा.
५. लॉक काढायचा कसा, हे दोनदा करून हाताला सवय लावा.

चौथी पायरी गाळू नका. मला ती खूण लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा दिसली. तुम्हाला ती आज, घरच्या टेबलावर दिसू दे. आणि सराव झाला की फोन घेऊन आजी-आजोबांकडे जा, चेहऱ्यावर टॅप करा, लगेच फोटो काढा, तिथल्या तिथे मोठा करून डोळे शार्प आहेत का ते बघा. नसतील तर दुसरा काढा. तेव्हा तो काढता येतो.